बत्तीस लाखांचं घर छत्तीसला पडतं

२०२५ च्या एप्रिलमध्ये नागपुरातल्या हुडकेश्वर रोडवरच्या आमच्या फ्लॅटची रजिस्ट्री झाली. दोन बेडरूम, दुसरा माळा, नऊ वर्षं जुनी बिल्डिंग. मी धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, नवरा बुटीबोरीला कंपनीत. दोघांचे मिळून महिन्याला ६२ हजार हातात येतात. मानेवाड्यात अकरा वर्षं किरायानं राहिलो आणि त्यातली शेवटची दीड वर्षं जवळपास प्रत्येक रविवारी घरं पाहिली. आता लॅबमधल्या मुली, नणंद, मामेबहिणी सगळ्या मलाच विचारतात, सुरुवात कुठून करायची? प्रत्येकीला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

घर पाहायला आधी जाऊ नका. आधी वही घ्या. आम्ही उलटं केलं आणि त्यात चार महिने गेले. वर्धा रोडला एक सॅम्पल फ्लॅट पाहिला, ४८ लाखांचा. बाल्कनीतून मेट्रो जाताना दिसत होती. त्यानंतर आमच्या ऐपतीतलं कुठलंही घर पाहिलं की माझ्या मुलीचा चेहरा उतरायचा. तिला ती बाल्कनी दाखवायलाच नको होती, असं आजही वाटतं.

भाव का वाढले हे थोडक्यात समजून घ्या, म्हणजे घाबरायला होत नाही. २०२० च्या सप्टेंबरपासून काही महिने सरकारनं मुद्रांक शुल्कात मोठी सूट दिली, त्याच वेळी कर्जही स्वस्त होतं, आणि थांबलेले सगळे लोक एकदम बाजारात आले. २०२२ च्या ११ डिसेंबरला एकाच दिवशी समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा, मेट्रोचे उरलेले मार्ग आणि मिहानमधल्या एम्सचं उद्घाटन झालं. खापरी, जामठा, बेसा, बेलतरोडी, मनीषनगर या पट्ट्यात त्याआधीच भाव चढत होते, नंतर आणखी चढले. रेती, लोखंड, मजुरी महागली ती वेगळी. पगार काही त्या चालीनं वाढले नाहीत. म्हणून हिशेब आपल्या पगारापासून सुरू करायचा, बाजारभावापासून नाही.

आपला आकडा

हा आकडा बँकेला विचारू नका. बँक पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता धरते. आम्हाला ३५ लाख द्यायला ती तयार होती. तेवढं घेतलं असतं तर महिन्याला ३० हजारांवर हप्ता बसला असता आणि मुलीच्या शिकवणीच्या फीसाठी दर जूनमध्ये कोणाकडे तरी हात पसरावा लागला असता.

एक सोपं माप लक्षात ठेवा. साडेआठ टक्के दर आणि २० वर्षं मुदत धरली तर एक लाखाला महिन्याला ८६८ रुपये हप्ता पडतो. आम्ही आधी ठरवलं की हप्ता २२ हजारांच्या वर जाऊ द्यायचा नाही. त्यातून कर्ज निघालं २५ लाख, हप्ता २१,६९५. वीस वर्षांत हे २५ लाख ५२ लाख होऊन जातात, तेही वहीत लिहून ठेवा. कर्ज हवं तेवढंच घ्यायची इच्छा त्यानं पक्की होते.

मग तो हप्ता एक वर्ष भरून पाहा, घर घेण्याआधीच. आमचा किराया १०,५०० होता. हप्ता आणि किराया यांच्यातला फरक, ११,२०० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला आरडीत टाकायचो. पहिले तीन महिने फार जड गेले. चौथ्या महिन्यात नवऱ्यानं गाडी बदलायचा बेत सोडला, मी सणाची खरेदी निम्म्यावर आणली, आणि मग बसलं. वर्षाला १,३४,४०० आणि वर व्याज जमा झालं. त्या वर्षात भाव वाढले, हे खरं आहे. आम्ही पाहत होतो तशा घरांचे भाव दीड-दोन लाखांनी वर गेले. म्हणजे जमा केलेलं जवळपास वाढीतच गेलं. तरी मी हे करायलाच सांगते, कारण हप्ता झेपतो की नाही हे आम्हाला कर्ज डोक्यावर घेण्याआधी कळलं. ज्या घरात हे आरडीचे हप्ते दोनदा चुकतील, त्यांनी आकडा कमी करावा.

दर वाढला तर काय, हेही त्याच वहीत मांडा. माझ्या जाऊबाईंनी २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांनी २५ लाख घेतले, हप्ता १९ हजार. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ४ वरून साडेसहावर गेला आणि त्यांचा दर सव्वानऊपर्यंत चढला. सव्वानऊनं २५ लाखांचं नुसतं व्याजच महिन्याला १९,२७१ होतं. त्यांचं मुद्दल तोवर थोडं उतरलं होतं म्हणून निभावलं, पण हप्त्यातलं जवळजवळ सगळं व्याजातच जायला लागलं आणि मुदत वाढत गेली. बँकेचं पत्र आलं होतं, ते त्यांनी उघडलंच नव्हतं. दर बदलल्याचं पत्र आलं की शाखेत जाऊन हप्ता वाढवायचा की मुदत, हे आपण सांगायचं. २०२५ मध्ये रेपो उतरून ५.२५ वर आला तेव्हा आमचाही दर घटला. आम्ही हप्ता तोच ठेवला आणि मुदत कमी करून घेतली.

२५ लाखांवर थांबायला आणखी एक कारण होतं. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कुठेही पक्कं घर नावावर नसलेल्या कुटुंबाला व्याजात मदत मिळते. अट अशी की घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत हवं. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात. जुन्या फ्लॅटलाही चालतं. कर्जाचा अर्ज करतानाच बँकेला या योजनेबद्दल विचारा, आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

वरचे चार लाख

किंमत ३२ लाख ठरली. बँकेचे २५, म्हणजे आपले ७, असं वाटतं ना? आमच्या वहीतलं पान असं आहे. मुद्रांक शुल्क १ लाख ९२ हजार. नोंदणी फी ३० हजार, त्याहून जास्त लागत नाही. दलाली एक टक्का, ३२ हजार. वकिलाचा ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, आणि कागद १२ हजार. बँकेची प्रोसेसिंग फी आणि मूल्यांकन १५ हजार. रंग, खिडक्यांच्या ग्रिल, किचनचा ओटा, गळणारा बाथरूम, मिळून १ लाख २० हजार. चार लाख झाले. ३२ चं घर ३६ ला पडलं आणि खिशातून ११ लाख गेले. बँक कर्ज मोजताना साधारणपणे मुद्रांक शुल्क धरत नाही, हे पैसे आपलेच. यावर सहा हप्त्यांएवढी रक्कम एफडीत वेगळी ठेवली, ती आजही मोडलेली नाही.

नागपुरात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून सात टक्क्यांच्या आसपास जातं. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. आमचे ३२ हजार वाचले. पण नवऱ्याचं नाव सोबत लावलं की सवलत जाते. नवरा कर्जात सहकर्जदार राहू शकतो, फक्त मालकीत त्याचं नाव नसेल तर आयकरात त्याला कर्जाची वजावट मिळत नाही. आमच्याकडे त्याच्या वजावटीपेक्षा ही सवलत मोठी होती. तुमच्याकडे उलटं असू शकतं, आधी मांडून पाहा.

बिल्डरकडून नवीन, बांधकाम चालू असलेलं घर घेतलं तर यावर जीएसटीही येतो. ४५ लाखांपर्यंतच्या आणि नागपूरसारख्या शहरात ९० चौरस मीटर कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेच्या) आतल्या घराला १ टक्का, बाकीच्यांना ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा जुन्या घराला जीएसटी नाही.

मार्चमध्ये दलाल फार घाई करतात. "ताई, एक एप्रिलले रेडी रेकनर वाढनार हाय, मार्चमधीच करून टाका ना." रेडी रेकनर म्हणजे सरकारनं भागानुसार ठरवलेला जागेचा भाव. २०२५ मध्ये तो खरंच वाढला, राज्यात सरासरी ३.८९ टक्के. पण शुल्क रेडी रेकनर किंवा खरी किंमत, यातलं जे जास्त त्यावर लागतं. आमची किंमत रेकनरच्या वरच होती, त्यामुळे वाढीनं आम्हाला एक रुपयाचाही फरक पडला नाही. आम्ही शांतपणे एप्रिलमध्ये रजिस्ट्री केली.

खरा भाव कसा शोधायचा

मालकानं ३५ सांगितले होते. दलाल म्हणाला, "खालचा फ्लॅट ३६ ले गेला." तो खोटं बोलतो की खरं, हे तुम्ही घरी बसून पाहू शकता. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च नावाची मोफत सोय आहे. जिल्हा नागपूर, मौजा (महसुली गाव), वर्ष आणि खसरा (जमिनीचा सर्व्हे नंबर) किंवा प्लॉट क्रमांक टाकला की त्या मालमत्तेच्या नोंदलेल्या दस्तांची यादी येते. प्रत्येकाचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, उघडतो. त्यात विकणारा, घेणारा, क्षेत्रफळ, मोबदला, बाजारमूल्य आणि भरलेलं शुल्क, सगळं लिहिलेलं असतं. साइट दिवसा फार अडकते. मी रात्री साडेअकरानंतर बसायची. तिसऱ्या रात्री आमच्याच बिल्डिंगमधला खालच्या माळ्याचा दस्त सापडला, आठ महिन्यांपूर्वीचा. साडेएकोणतीस लाख. तो कागद प्रिंट काढून नेला, मालकासमोर टेबलवर ठेवला आणि गप्प बसलो. ३५ चे ३२ तिथेच झाले.

यात एक सावधगिरी ठेवा. काही व्यवहारांत अर्धे पैसे रोखीनं फिरतात, म्हणून कागदावरचा आकडा कमी दिसतो. एकाच दस्तावर जाऊ नका, आजूबाजूचे पाच-सहा पाहा. आणि तुमच्याकडे कोणी रोख मागितली तर नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानं बंद आहे, रोख भागावर बँक कर्ज देत नाही, आणि उद्या व्यवहार फिसकटला तर त्या पैशाचा तुमच्याकडे काहीच पुरावा उरत नाही.

फुटांचंही पाहा. आम्हाला साडेनऊशे फुटांचा फ्लॅट म्हणून सांगितला होता. मी आणि मुलगी टेप घेऊन गेलो आणि खोली-खोली मोजली. कार्पेट ६४० निघालं. ३२ लाखांना ६४० नं भागलं की फुटाला ५ हजार. प्रत्येक घराचा भाव असाच कार्पेटवर काढा, तरच दोन घरांची तुलना होते. आपल्याकडे विक्रीपत्रात जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहितात. सारख्या फ्लॅटांना सारखा हिस्सा आहे की नाही, तेही वाचा. बिल्डिंग पाडून नवीन बांधायची वेळ आली की तोच हिस्सा कामी येतो.

मे महिन्यात दुपारी तीनला

घर दिवाळीत सगळ्यांनाच आवडतं. नागपूरचं घर मे महिन्यात दुपारी तीनला पाहायचं. आम्ही एक सुंदर फ्लॅट फक्त यामुळे सोडला. वरचा माळा, हॉलची भिंत पश्चिमेला. भिंतीवर तळहात ठेवला तर पाच सेकंदसुद्धा ठेवता येईना. नळ सोडला तर गरम पाणी, कारण गच्चीवरची टाकी उघड्यावर. त्या घरात माझ्या सासूबाईंनी दुपारी झोपायचं कुठे?

कुलर कुठे लागतो हे विचारा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण नवीन बिल्डिंगांमध्ये खिडक्या अशा ठेवतात की कुलर बसतच नाही, आणि एसीचं बिल सगळ्यांना झेपत नाही. खिडकीबाहेर स्टँड लागतं का, जवळ नळ आहे का, समोरून हवा निघायला वाट आहे का. आमच्या आताच्या घरात हॉलची खिडकी उत्तरेला आहे आणि मागच्या सज्ज्यावर कुलर बसतो. आम्ही घर पक्कं केलं त्यात या सज्ज्याचा वाटा मोठा आहे.

पाण्याचं मालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा. बेसा भागात एका बिल्डिंगमध्ये मी जिन्यात भेटलेल्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बोअर एप्रिलातच आटते बाई. मंग टँकर. उन्हाळाभर महिन्याले हजार-बाराशे जास्तीचे द्या लागते." मालकानं सांगितलं होतं, पाणी चोवीस तास. महापालिकेच्या हद्दीतलं नळाचं पाणी आहे की फक्त बोअर, हे एका प्रश्नात कळतं.

मग तेच घर जुलैत मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी पाहा. २०२३ च्या २३ सप्टेंबरची पहाट कोणी विसरलेलं नाही. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात शिरली, आणि शहरातल्या महागड्या वस्त्यांमध्ये तळमजल्यावरच्या लोकांचं सगळं गेलं. नदी-नाल्याजवळचं स्वस्त घर दिसलं की आजूबाजूच्या भिंतींवर पाण्याची रेघ शोधा. रंग दिला तरी ती खालून फुगते.

कागद

हे करताना कंटाळू नका. माझे २६ हजार इथे बुडाले. आमच्या फ्लॅटच्या आधी एक घर पसंत केलं होतं, चौथ्या माळ्यावर, ३६ लाखांना. मालक चांगला बोलला, आम्ही ५१ हजार बयाणा दिला, एका साध्या चिठ्ठीवर. बँकेच्या वकिलानं मंजूर नकाशा मागितला तर त्यात चौथा माळाच नव्हता. नकाशा तीन माळ्यांचा, वरचा तसाच चढवलेला. कर्ज नाकारलं. बयाणा परत मागितला तर चार महिने फोन उचलले नाहीत, शेवटी २५ हजार दिले. फसवलं गेल्याचा राग होता, पण जास्त राग माझ्यावरच आला, कारण नकाशा मागायला मला कोणी अडवलं नव्हतं.

म्हणून बयाण्याआधी मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, मालकाचं विक्रीपत्र, आखीव पत्रिका (शहरातल्या जागेच्या मालकीचा उतारा) किंवा सातबारा, घर-कराची चालू पावती, एवढ्यांच्या झेरॉक्स घ्या आणि बँकेच्या वकिलाला आधी दाखवा. इसारपत्र, म्हणजे बयाण्याचा करार, स्टॅम्प पेपरवर करा आणि त्यात हे वाक्य घालाच: बँकेनं कागदपत्रांच्या कारणावरून कर्ज नाकारल्यास इसाराची पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत मिळेल. पैसे चेकनं द्या. नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी पाहा. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि तो मागत असेल तर तिथून उठा.

फ्लॅट परवडत नाही म्हणून बरेच लोक शहराच्या कडेला प्लॉटकडे वळतात. स्वस्त दिसतो, पण कागद फ्लॅटपेक्षा जास्त पाहावे लागतात. नागपुरात ५७२ आणि १९०० ले-आउट हे शब्द उगाच घराघरांत माहीत नाहीत. शेतजमिनीवर परवानगीशिवाय पडलेले ले-आउट, मग २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं नियमित करायची वेळ, आणि त्यात लोकांची वर्षांवर वर्षं गेली. एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर ले-आउट नकाशा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा एनएमआरडीएचं (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आणि डिमांड (त्यासाठी मागितलेलं शुल्क) भरल्याची पावती, हे चार कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. "आरएल होऊन जाईल" हे वाक्य ऐकलं की समजा आरएल नाही. विकास आराखड्यात त्या खसऱ्यावर आरक्षण आहे का, तेही पाहून घ्या.

रजिस्ट्रीनंतर

लोक पेढे वाटतात आणि थांबतात. इंडेक्स टू मिळाला की त्याच आठवड्यात महापालिकेच्या झोन कार्यालयात घर-करावर नाव, सिटी सर्वेत आखीव पत्रिकेवर फेरफार, वीज आणि नळाच्या मीटरवर नाव, एवढे अर्ज टाका. मी महिनाभर लॅबमधून अर्धी-अर्धी सुट्टी घेत होते.

मूळ कागद बँकेत जातात. देण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढा आणि कोणते कागद जमा केले त्याची यादी बँकेच्या सही-शिक्क्यानिशी घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत ते परत करावे लागतात, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. आमची यादी तेवीस कागदांची आहे. एक प्रत माझ्या कपाटात, एक सासूबाईंच्या ट्रंकेत, रेशन कार्डाखाली.